जपानचा सर्वात मोठा फुटबॉलपटू कोण, काझू की नाकाता?
जपानबाहेर विचाराल तर उत्तर एकच, हिदेतोशी नाकाता. १९९८ मध्ये पेरुजा या इटालियन क्लबकडून पदार्पणातच युव्हेंटसविरुद्ध दोन गोल, २००१ मध्ये रोमासोबत इटालियन लीगचं विजेतेपद आणि २९व्या वर्षीच निवृत्ती. पुढे स्वारी साके या जपानी तांदळाच्या मद्यात रमली.

जपानमध्ये मात्र काझुयोशी मिउरा, म्हणजे काझू, म्हटलं की सूरच बदलतो. पंधराव्या वर्षी ब्राझील गाठणारा पोरगा, जे-लीग या जपानी व्यावसायिक फुटबॉल लीगच्या १९९३ च्या पहिल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, देशासाठी ८९ सामन्यांत ५५ गोल. इटलीत जेनोआकडून जेमतेम एक गोल, हेही खरं. १९९८ च्या विश्वचषकातून ऐनवेळी वगळलं, तेव्हा चाहते हळहळले. खेळ नाकाताचाच उजवा, पण जीव जडतो तो काझूवर. पठ्ठ्याने २०१७ मध्ये, पन्नाशीत, योकोहामा एफसीकडून गोल ठोकला!