ऊन, पाऊस, थंडी: वीस हजारांत टूरिंगचे कोणते कपडे घ्यावेत?

मोटारसायकलवरच्या लांबच्या प्रवासासाठी 'ऑल-वेदर' टूरिंग जॅकेट मागितलं की दुकानदार बहुतेक वेळा तीन थरांचं जॅकेट पुढे करतो. बाहेर ६००डी (६०० डेनियर, म्हणजे जाड धाग्याचं) पॉलिस्टर, आत चेनने काढता-घालता येणारं वॉटरप्रूफ अस्तर आणि त्याच्या आत थर्मल. एका खरेदीत तिन्ही ऋतू उरकले असं वाटतं. पण सह्याद्रीच्या पावसासाठी ही रचना उलटी आहे, कारण पाणी अडवणारा थर आत आहे.

ताम्हिणीत किंवा आंबोलीत पाऊस सलग लागला की बाहेरचं कापड पाणी पितं. जॅकेट जड होतं. वाऱ्याने ते पाणी सुकताना अंगातली ऊब ओढून नेतं. बाहेरच्या खिशातलं सामान भिजतं आणि मनगटापाशी ओल्या बाहीतलं पाणी आतल्या अस्तरावर चढतं. त्यात ते अस्तर जोडायला भर पावसात जॅकेट उतरवावं लागतं, ते वेगळंच. मुक्कामी पोचल्यावर कोकणातल्या दमट हवेत असं जॅकेट सकाळपर्यंत वाळत नाही. पाणी बाहेरच्या थरावरच अडवणारी लॅमिनेटेड जॅकेटं चांगली असतात, पण या बजेटात बसत नाहीत.

म्हणून आमची पसंती जाळीदार जॅकेट-पँट आणि वरून घालायचा सैल रेनसूट या जोडीला. वीस हजारांची वाटणी साधारण अशी करावी: जॅकेट आठ-नऊ हजार, पँट सहा-सात, रेनसूट तीन हजारांच्या आत, उरलेले पाठीच्या गार्डसाठी, म्हणजे धक्का शोषणाऱ्या गादीसाठी. राइनॉक्स, रायडा, व्हायटेरा या भारतीय ब्रँडांपासून बघायला सुरुवात करावी.

जाळी कुठे आहे ते नीट पाहा. छाती, पोट, बाहीचा आतला भाग इथे जाळी हवीच. खांदे, कोपरं, गुडघे आणि बसायचा भाग मात्र जाड विणीचाच हवा, कारण घसरल्यावर रस्त्याला तेच घासतात. आतलं लेबल वाचा. ईएन १७०९२ या युरोपीय मानकात 'ए', 'एए', 'एएए' अशा चढत्या श्रेणी असतात. सर्वांत जास्त घासणाऱ्या भागासाठी प्रयोगशाळेतल्या चाचणीचा वेग अनुक्रमे ताशी ४५, ७० आणि १२० किमी असतो. हायवेवर जाणाऱ्याने शक्यतो 'एए' शोधावं.

गार्डचं मानक वेगळं: ईएन १६२१. खांदे-कोपर-गुडघ्यांच्या गार्डमधून लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत धक्का पलीकडे जाऊ शकतो, लेव्हल २ मध्ये २० पर्यंत. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९ आहेत. स्वस्त जॅकेटच्या पाठीत अनेकदा नुसता फोमचा तुकडा असतो. तो काढून त्याच मापाचं लेव्हल २ घाला. या बजेटात सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च हाच.

माप उभ्याने ठरवू नका. गाडीवर बसून हँडल धरा. बाही मनगटाच्या वर सरकता कामा नये आणि कोपराचं गार्ड हाताने फिरवलं तरी जागेवरून हलता कामा नये. पँटचं गुडघ्याचं गार्ड उभं राहिल्यावर थोडं खाली वाटतं, बसल्यावर बरोबर वाटीवर येतं. रेनसूट मात्र पूर्ण जॅकेट-पँट अंगावर असतानाच घालून बघायचा, एक-दोन मापं मोठा लागतो.

रेनसूटची परीक्षा सोपी आहे. पँट उलटी करून पाहा, प्रत्येक शिलाईवर आतून टेप हवी. घरी आणल्यावर जांघेच्या भागाची झोळी करून त्यात लिटरभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटं धरून ठेवा. चार शिलाया जिथे मिळतात तिथेच बहुतेक सूट गळतात, आणि सीटवर पाणीही तिथेच साचतं. गळला तर लगेच बदलून घ्या. पावसात पँटचे पाय बुटांच्या बाहेर ठेवा, नाहीतर बूट भरतात.

थंडीतही हाच रेनसूट कामाला येतो. १० अंशांच्या पहाटे ताशी ८० च्या वेगाला अंगाला साधारण ४ अंश जाणवतात. जाळीतून वारा आत येत असेल तर थर्मल निरुपयोगी, पण आत फ्लीस आणि वरून रेनजॅकेट घातलं की वारा थांबतो. उलट विदर्भातल्या मेमध्ये, चाळिशीच्या वर पारा गेला की जाळीतून गरम वाराच आत येतो. तेव्हा आतला टीशर्ट भिजवून घाला आणि वाळला की पुन्हा भिजवा.

लडाखसाठीच कपडे घेत असाल तर तीन थरांचं जॅकेट विचारात घ्यायला हरकत नाही. तिथली हवा कोरडी, पाऊस कमी.

धुताना गार्ड काढा, चेन आणि वेल्क्रो बंद करा, ३० अंशांपर्यंतचं पाणी आणि सौम्य साबण वापरा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. रेनसूट ओला असताना घडी करून डिकीत ठेवू नका. दमटपणात आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर आधी चिकट होतो, मग पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि तसा सूट दुरुस्त होत नाही. सावलीत वाळवून हँगरवर सैल टांगा.