बसकार्डाचे आठ महिने आणि मागच्या दारातलं बंद यंत्र

बसचं टॅप कार्ड वापरायला लागून आठ महिने झाले. तिसऱ्या महिन्यातच अनुभव लिहायला घेतला होता. तेव्हा लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी जे घडलं त्यानंतर माझं मत बदललं, आणि तक्रारीच्या मागे लागल्यावर आणखी एकदा बदललं.

आधी ती संध्याकाळ. पाऊस होता, बस खचाखच भरलेली. चढताना पुढच्या दारात कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, आवाज आला. चौथ्या थांब्याला मागच्या दाराशी पोचले तर तिथल्या यंत्राचा पडदा काळा. कार्ड टेकवलं, उलटं करून टेकवलं, पाकिटातून बाहेर काढून टेकवलं. आवाज नाही, दिवा नाही. मागून लोकांचा रेटा, पुढच्या दाराकडे जायला पाऊल ठेवायला जागा नाही. ड्रायव्हरना हाक मारली, ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. उतरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढताना शिल्लक पाहिली. चार थांब्यांऐवजी मार्गाच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं गेलं होतं. माझ्या रोजच्या भाड्याच्या चौपट. मी महिन्याचं रिचार्ज हिशोबाने करते, कोणत्या दिवशी किती फेऱ्या हे लिहून ठेवते. एका बंद यंत्रापायी तीन जादा फेऱ्यांचे पैसे जावेत हे मला सहन झालं नाही, आणि रक्कम लहान आहे म्हणून सोडून द्यावं असंही वाटलं नाही.

यातली खरी मेख मला तेव्हाच कळली. चढताना टॅप केलं की यंत्र शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं आधीच कापून घेतं. उतरताना टॅप केल्यावर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत जमा होतात. म्हणजे उतरतानाचं टॅप हे भाडं भरणं नाहीच, ते आपलेच पैसे परत घेणं आहे. नेदरलँड्समध्ये बसच्या कार्डाची रीत अशीच ठरली: चेक-इनला एक ठरावीक रक्कम कापायची, चेक-आउटला हिशोब मिटवायचा. तिथे चेक-आउट राहून गेलेल्यांना पैसे मागता यावेत म्हणून वेगळं संकेतस्थळच काढावं लागलं.

पहिल्या रागात माझं मत पक्कं होतं की उतरतानाचं टॅप बंदच करावं. लंडनच्या बसमध्ये ते नाहीच. चढताना एकदा कार्ड टेकवलं की संपलं. दोन थांबे जा नाहीतर टोकापर्यंत, भाडं एकच. इतकं सोपं असताना आपण दोन-दोनदा कार्ड का काढायचं? तक्रारीच्या पहिल्या अर्जात मी हेच लिहिलं.

मग माझी वही काढली. आठ महिन्यांतल्या बहुतेक फेऱ्या चार थांब्यांच्या आत. सरसकट एकच भाडं झालं तर ते जवळचा आणि लांबचा यांच्या मधे कुठेतरी ठरणार, म्हणजे मला रोजच जास्त द्यावं लागणार. सिंगापूरच्या बसमध्ये अंतराप्रमाणे भाडं आहे, म्हणून तिथे उतरतानाही टॅप करावं लागतं आणि चुकलं तर तिथेही मार्गाच्या टोकापर्यंतचं भाडं पडतं. जवळ जाणाऱ्याला कमी भाडं हवं असेल तर तो कुठे उतरला हे यंत्राला कळायलाच हवं. तेव्हा पहिलं मत मी मागे घेतलं. उतरतानाचं टॅप राहू दे. पण ते यंत्र चालू ठेवणं ही बस चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे. ते बंद पडलं तर भुर्दंड प्रवाशाला का?

कार्डात बिघाड असेल, असं मला फोनवर आधी सांगितलं गेलं. या कार्डात बॅटरी नसते. आत एक चिप आणि तारेच्या वेटोळ्यासारखा अँटेना असतो. वाचकयंत्र १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतं, त्यांतूनच काही सेंटीमीटरवर आलेल्या कार्डाला वीज मिळते आणि ते उत्तर देतं. यंत्रच मेलेलं असेल तर जगातलं सगळ्यात चांगलं कार्डही गप्प राहणार. आणि माझं कार्ड दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच टेकवण्यात चाललं होतं.

एक चूक मात्र माझी स्वतःची, पहिल्या आठवड्यातली. पाकिटात बसचं कार्ड आणि बँकेचं टॅपवालं कार्ड शेजारी ठेवायची. चढताना एक वाचलं गेलं, उतरताना दुसरं. यंत्राच्या लेखी ते दोन अर्धवट प्रवास, आणि दोन्हींवर भुर्दंड. नवीन कार्ड घेतलेल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते: टॅप करताना कार्ड पाकिटाबाहेर काढा.

तक्रारीचं सांगायचं तर अर्जात कार्डाचा क्रमांक, तारीख, वेळ, थांबा आणि बसचा क्रमांक मागतात. गर्दीतून उतरलेल्या माणसाला बसचा क्रमांक आठवत नाही. तो रकाना रिकामा ठेवला म्हणून पहिला अर्ज परत आला. दुसऱ्याला उत्तर आलं की नोंदीनुसार उतरतानाचं टॅप झालेलं नाही, त्यामुळे आकारलेलं भाडं योग्य आहे. मी तेच तर सांगत होते! तिसऱ्या वेळी स्वतः कार्यालयात गेले आणि एकच मागणी लिहून दिली: माझी नोंद पाहू नका, माझ्या कार्डाने ज्या बसमध्ये चढताना टॅप केलं त्या बसच्या मागच्या दाराची नोंद पाहा. त्या फेरीत तिथे किती कार्डं टेकली?

तिथल्या बाईंनी मनावर घेतलं. माझ्या चढण्याच्या नोंदीवरून बसचा क्रमांक त्यांना दोन मिनिटांत मिळाला. फेरी उघडून पाहिली. मागच्या दारावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही टॅप नव्हतं. भर गर्दीच्या वेळी, भरलेल्या बसमध्ये, एकही नाही. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. चार दिवसांत पैसे जमा झाले आणि मी त्या बाईंना आभाराचं पत्र दिलं.

बाकी गोष्टी थोडक्यात, कारण त्यांबद्दल तक्रार नाही. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, चढायला वेळ लागत नाही. ठरलेल्या वेळेत दुसरी बस पकडली तर दुसऱ्या भाड्यात सूट मिळते, आणि माझी खरी बचत तिथेच होते. तीही उतरतानाचं टॅप झालं असेल तरच, हे लक्षात ठेवा. थांब्यावरच्या फलकावर बसची वेळ बऱ्यापैकी खरी असते. खूप वेळाने बस आली तर पहिलीत घुसू नका. उशिरा निघालेल्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं भेटतात, ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसं कमी मिळतात, म्हणून ती जवळ येत जाते. शेवटी दोन्ही पाठोपाठ येतात, दुसरी निम्मी रिकामी. त्या दुसरीत मागच्या यंत्रापर्यंत पोचताही येतं आणि ते बंद असलं तर पुढच्या दाराकडे परतताही येतं.

पैसे परत मिळूनही मी लिहायला बसले, त्याला कारण आहे. त्या संध्याकाळी माझ्या आधी एक आजी उतरल्या. त्यांनीही कार्ड टेकवलं, दोनदा टेकवलं, आणि झालं असेल असं समजून खाली उतरल्या. त्यांचे पैसे गेले. त्या मागच्या दाराने जे जे उतरले त्या सगळ्यांचे गेले. कापताना कोणी अर्ज केला नव्हता, परत द्यायला मात्र तीन अर्ज आणि अर्ध्या दिवसाची रजा लागली. अख्ख्या फेरीत मागच्या दाराने कोणीच उतरलं नाही, असं कधी होत नाही. ज्या फेरीच्या नोंदीवरून माझे पैसे परत आले त्याच फेरीच्या नोंदीत चढताना टेकवलेली बाकीच्यांची कार्डंही आहेत. ती शोधायला त्यांच्या अर्जाची वाट कशाला पाहायची?

हे मी चौथ्या पत्रात लिहून दिलं आहे. त्या फेरीतल्या सगळ्यांचे पैसे जमा करा, आणि यापुढे ज्या फेरीत मागचं यंत्र पूर्ण वेळ मुकं राहील तिचा परतावा आपोआप द्या. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर मी चढल्या चढल्या मान वळवून मागच्या यंत्राचा दिवा पाहते. दिवा नसला तर पुढेच थांबते, आणि जे मागे सरकत असतात त्यांनाही सांगते.