सांगलीत थ्री-डी मॅमोग्राफी करून आले, त्याचा अनुभव

आमचं घर तासगावकडचं, द्राक्षबागायतदारांचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघत असतो, तेव्हा घरातल्या बाईला आजारी पडायलाही सवड नसते. म्हणून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधणारी एक्स-रे तपासणी, मी दोन हंगाम पुढे ढकलली. मावशीनंही अशीच ढकलली होती. गाठ दुखत नाही म्हणजे तसलं काही नाही, असं ती धरून बसली. यंदा मात्र एप्रिलच्या छाटणीआधी मी एक दिवस काढला. माझं वय ४६.

नंबर लावतानाच फोनवर दोन गोष्टी सांगितल्या: पाळी झाल्यानंतरच्या आठवड्यात या आणि त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका. पहिलीमुळे छाती कमी हुळहुळते. दुसरीचं कारण तिथल्या ताईंनी सांगितलं. पावडरचे कण फोटोत पांढरे ठिपके दिसतात, कधीकधी कॅन्सरची खूण असणारे कॅल्शियमचे बारीक ठिपकेही तसेच दिसतात, आणि गल्लत होते.

आत सगळ्या बायकाच. दोन्ही बाजूंचे दोन-दोन फोटो. दाबताना दुखतं, पण काहीच सेकंद, आणि ताई प्रत्येक वेळी आधी सांगून मगच दाबत होत्या. जुन्या मशीनमध्ये सगळे थर एकावर एक येतात. इथे मशीनचा वरचा भाग कमानीसारखा फिरतो आणि डॉक्टरांना पातळ पातळ थर वेगवेगळे पाहता येतात. बिल २,८०० रुपये.

आता तक्रार. काउंटरवरच्या मुलानं 'नॉर्मल आहे' म्हणत पाकीट हातात दिलं. एसटीत उघडलं तर 'बाय-रॅड्स १', म्हणजे काही सापडलं नाही, आणि खाली बारीक अक्षरात 'डेन्सिटी सी'. त्याचा अर्थ कुणीच सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी फोन केला. डॉक्टरांनी दहा मिनिटं शांतपणे समजावलं: डेन्सिटी म्हणजे स्तनाचा दाटपणा, तो 'ए' ते 'डी' अक्षरांत लिहितात, 'सी' म्हणजे बऱ्यापैकी दाट. स्तनातला दाट भाग फोटोत पांढरा दिसतो, गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती झाकली जाऊ शकते, शिवाय दाटपणानं धोकाही थोडा वाढतो. मग सोनोग्राफी केली, ती स्वच्छ आली. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक बाईला तिच्या डेन्सिटीबद्दल कळवणं सेंटरवर बंधनकारक आहे. मला इथे खोदून विचारावं लागलं. एक स्टार त्याचाच कापते.

आणखी एक. हातानं तपासायला कुणी नव्हतं. मुंबईत टाटा मेमोरियलनं दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. ज्यांच्याकडे २,८०० रुपये नाहीत, त्यांच्यासाठी सेंटरनं अशी बाई नेमून गावोगाव शिबिरं घ्यावीत, असं मी त्यांना लिहूनही दिलंय.

मावशी बरोबर आली होती. तिची गाठ कॅन्सरची आणि 'हर-टू पॉझिटिव्ह', म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेली, निघाली होती. त्याच प्रथिनावर काम करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाची इंजेक्शनं वर्षभर घेतली, त्याला आता पाच वर्षं होतील. माझी पर्स मांडीवर घेऊन ती बाहेर बसली होती आणि शेजारच्या घाबरलेल्या मुलीला पाणी देत होती.

तिची लेक ४१ ची आहे. पुढच्या महिन्यात तिला याच सेंटरला नेणार आहे, आणि डेन्सिटीचं अक्षर कुठलं, ते काउंटर सोडायच्या आधी विचारणार आहे.