फास्ट चार्जिंगची भीती घालून चांगली बॅटरी काढून घेतली: ३,७०० रुपये गेले, सावध राहा

"फास्ट चार्जिंगने बॅटरी मरते, काका" असं कुठला मोबाईलवाला काउंटरवरून सांगायला लागला, तर फोन खिशात घाला आणि बाहेर पडा. या एका वाक्यावर मला ३,७०० रुपयांना गंडवलं, आणि फोनमधली धडधाकट बॅटरीही गेली.

गोव्यात बार्देशातली एक बाजारपेठ. गणपतीची चवथ तोंडावर, माझ्या पिकअपला भाडी लागलेली. मला हवी होती फक्त केबल. फोन दीड वर्षांचा, बॅटरी ५,००० एमएएच, सोबत आलेला ६७ वॅटचा चार्जर. हल्ली संध्याकाळी चार्ज लवकर उतरतो, असं मी सहज बोललो. दिवसभर मॅप आणि कॉल चालू असल्यावर उतरणारच. पण त्याने तेवढंच धरलं. फोनमध्ये कसलं तरी ॲप टाकलं आणि दोन मिनिटांत आकडा दाखवला: बॅटरी हेल्थ, म्हणजे बॅटरीत उरलेला दम, ६१ टक्के. "६७ वॅटने जाळलीय, काका. कधीही फुगेल." माझा मुलगा त्याच फोनवर खेळतो. कुठला बाप घाबरणार नाही?

ओरिजिनल बॅटरी २,४५०, "बॅटरी-सेफ" स्लो चार्जर ९५०, लेबर ३००.

मागचं कव्हर उघडून त्याने बॅटरी काढली तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. ती सपाट होती, कुठे फुगवटा नाही. मी हात पुढे करून ती मागितली. "ती देता येत नाही, ई-वेस्टचा सरकारी नियम आहे," असं म्हणत त्याने ड्रॉवर ओढला आणि आत टाकली. त्या ड्रॉवरमध्ये आणखी बॅटऱ्या होत्या, चिकटपट्टी साफ केलेल्या, रबर लावून एकावर एक रचलेल्या. टाकायचा माल कोणी असा रचून ठेवत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिथेच आवाज चढवायला हवा होता. पण फोन उघडा करून त्याच्या हातात, बाहेर गाडी नो पार्किंगमध्ये, गिऱ्हाईक वाट बघतंय. अशा वेळी कोण भांडेल? आणि समोरचा सरकारी नियम सांगतोय म्हटल्यावर आपण गप्पच बसतो. ते लोक याच भरवशावर धंदा करतात.

पुढे जे व्हायचं तेच झालं. फोन ३० टक्क्यांवर असताना पटकन बंद पडायचा. दोन भाडी हातची गेली, २,८०० रुपये. तो स्लो चार्जर रात्रभर लावला तरी सकाळी फोन भरलेला नसायचा. भाच्याने यूएसबी मीटर लावून बघितलं: वर छापलंय ५ व्होल्ट २ अँपिअर, प्रत्यक्षात ०.७ अँपिअर, म्हणजे साडेतीन वॅट. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने बॅटरीवरच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली दुसरं स्टिकर, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचं. या सगळ्याच्या आधी जूनमध्ये डिस्प्ले बदलला होता, त्या जॉबशीटवर बॅटरी हेल्थ ९१ टक्के लिहिलेली आहे. कंपनीची बॅटरी बसवायला १,८९० लागले. एकूण भुर्दंड ८,३९० रुपये.

ही थाप खपते, कारण तिच्यात थोडं खरं आहे. जलद चार्जिंगने फोन जास्त तापतो आणि उष्णता लिथियम-आयन बॅटरीला मारक असते, हे खरंच. पण किती करंट घ्यायचा ते फोनमधली चिप ठरवते. सुरुवातीला ती जोरात घेते, ८० टक्क्यांच्या पुढे बराच कमी करते, तापला की आणखी कमी. उलट गादीवर ठेवून रात्रभर १०० टक्क्यांवर लावलेला फोन स्लो चार्जरवरही झिजतो. एप्रिल-मेच्या उन्हात डॅशबोर्डवर चार्जिंगला ठेवणं तर सगळ्यात वाईट. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, फुकट आहे. बॅटरी हेल्थही फोनच्या सेटिंगमध्ये दिसत असेल तर तिथेच बघा. बाहेरचं ॲप बऱ्याच वेळा चार्ज केल्यावर अंदाज बांधतं, दोन मिनिटांत आकडा सांगणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका.

दुकानदाराने अर्थातच हात झटकले: "इलेक्ट्रॉनिक मालाला गॅरंटी नसते." मग चौकीवर गेलो. साहेब म्हणाले, हे सिव्हिल मॅटर, कंझ्युमर कोर्टात जा. अहो, माझी वस्तू ड्रॉवरमध्ये टाकून घेतली, ते सिव्हिल कसं? दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात सांगितलं, परवाना आम्ही देतो, माल आम्ही बघत नाही. तिसरीकडे चार्जरचं पाकीट दाखवलं. त्यावर एमआरपी नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. कारकुनाने ते उलटसुलट केलं आणि विचारलं, पक्कं बिल कुठाय? पक्कं बिल देणारा असता तर मी तिथे कशाला गेलो असतो! सगळे एकमेकांकडे टोलवतात. ३,७०० रुपयांसाठी माणूस किती दिवस भाडी बुडवणार, हे दुकानदाराला ठाऊक आहे आणि साहेबांनाही.

चार्जर घेताना आधी त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर आहे का बघा, 'आर-' पुढे आठ आकडे असतात. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. माझ्या चार्जरवर नंबरच नव्हता. दुकानदार कितीही ओळखीचा असो, कागदाच्या चिटोऱ्यावर पैसे देऊ नका. यूपीआयने द्या, निदान पुरावा राहतो. जुनी बॅटरी आधी हातात घ्या, मग पैसे द्या. ती तुमची आहे. फुगलेली असेल तर मात्र दाबू नका, टोचू नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगात, म्हणजे कंझ्युमर कोर्टात, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. जॉबशीट, यूपीआयची नोंद आणि ते दोन स्टिकरांचे फोटो घेऊन मी तिथे अर्ज करतोय. त्याच पद्धतीने कोणाची बॅटरी काढून घेतली असेल तर पाकीट, चार्जर, चिटोरा, काहीही फेकू नका, मला कळवा. आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते.