दीड लाख किलोमीटर झालेली अल्टो: सर्व्हिस सेंटर बरे की ओळखीचे गॅरेज?

नोंदणीची 15 वर्षे संपत आलेली, दीड लाख किलोमीटर ओलांडलेली आणि विकायला काढली तर फारसे काही हाती न लागणारी छोटी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना दर पावसाळ्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे द्यायची की ओळखीच्या मिस्त्रीकडे. माझी गाडी 796 सीसी इंजिनाची जुनी अल्टो आहे, ती पुण्यात चालते आणि आजवर दोन्ही ठिकाणी जाऊन आलेली आहे. त्यामुळे पुढील मते मोजमापावर आधारलेली नाहीत. ती एका गाडीच्या आणि एका मालकाच्या अनुभवावरची आहेत, आणि वाचकाने ती तेवढ्याच बेताने घ्यावीत.

प्रथम सर्व्हिस सेंटरच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलतो. वेळापत्रक पाळण्याची शिस्त त्यांच्याकडे आहे, आणि जुन्या गाडीला ती नव्या गाडीपेक्षा जास्त लागते. 796 सीसीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा, आहे. अल्टो के-टेनच्या 998 सीसी इंजिनासारखी साखळी नाही. बेल्ट बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही, आणि तुटतो तेव्हा गाडी टोचन करूनच आणावी लागते. माझ्या बेल्टची आठवण मला संगणकाने काढलेल्या जॉब कार्डाने, म्हणजे करायच्या कामांच्या यादीने, करून दिली. बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढचे ऑइल सील एकाच वेळी बदलले, म्हणजे तेच काम दोनदा उघडावे लागले नाही. याच कामासाठी गॅरेजमध्ये विचारले असते तर 'चालतोय तोवर चालू द्या' असे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच होती. त्याशिवाय छापील बिल मिळते, भाग अस्सल असतो, आणि नोंद कंपनीच्या प्रणालीत राहते, जिचा उपयोग गाडी विकताना होतो, अर्थात विकण्यासारखी किंमत उरली असेल तर.

विम्याचा मुद्दा सर्व्हिस सेंटरच्या बाजूने नेहमी मांडला जातो, पण वयस्क गाडीच्या बाबतीत तो बराच पातळ होतो. गाडी 10 वर्षांपुढे गेली की सर्वसाधारण पॉलिसीत धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर तर तो गाडीचे वय न पाहता 50 टक्केच असतो. घसारा न कापणारे झिरो डेप्रिसिएशनचे संरक्षण एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. मग बंपर आणि फेंडरच्या कामासाठी कॅशलेस सोय असली तरी खिशातून जाणारी रक्कम, गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने सांगितलेल्या एकूण रकमेच्या फार खाली उरत नाही. निदान माझ्या बाबतीत उरली नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरवला तिच्याकडे येतो. ती गोष्ट बिलाची रक्कम नव्हती, ती होती दुपारचा फोन. ज्यांनी सर्व्हिस सेंटरला गाडी दिली आहे त्यांना हा फोन ठाऊक असेल. सकाळी साडेनऊला गाडी सोपवताना एस्टिमेट ठरलेले असते. ऑइल, फिल्टर, ब्रेकची सफाई, फार तर व्हील अलाइनमेंट. दोन-अडीचच्या सुमारास आपण कामात गुंतलेले असताना सल्लागाराचा फोन येतो आणि तो अत्यंत अदबीने एक यादी वाचू लागतो: सर, लोअर आर्मचे बुश गेलेले आहेत, इंजिन माउंटिंग बसलेले आहे, ड्राइव्ह शाफ्ट बदलावा लागेल, थ्रॉटल बॉडी साफ करून घेऊ या, आणि गाडी लिफ्टवर उघडलेलीच आहे तर आजच करून टाकू का? या प्रश्नाला हो म्हणायचे तर कशाला हो म्हणतो आहोत ते दिसत नाही. नाही म्हणायचे तर संध्याकाळी घरी जाताना कात्रजच्या उतारावर तोच भाग तुटेल अशी भीती वाटते. यादीतला कोणता भाग आज बदलायचा, कोणता आणखी वर्षभर चालेल आणि कोणते काम केवळ त्या महिन्याच्या उद्दिष्टासाठी आहे, हे फोनवर कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय ग्राहकाला कामाच्या जागी जाऊ देत नाहीत. काचेच्या खोलीत चहा मिळतो आणि लिफ्टवरची गाडी लांबून दिसते. जुना भाग पाहायला मागितला तर तो कधी मिळतो, कधी 'स्क्रॅपमध्ये गेला' असे उत्तर येते.

नव्या गाडीच्या मालकाला हा फोन त्रासदायक वाटतो, इतकेच. जुन्या गाडीच्या मालकाला मात्र तो परवडत नाही, कारण दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक रबरी आणि फिरता भाग थोडाफार झिजलेला असतोच. तपासणाऱ्याने प्रामाणिकपणे तपासले तरी यादी लांबच होणार, आणि ती सगळी खरीही असू शकेल. पण मर्यादित पैशात गाडी चालवायची म्हणजे खऱ्या यादीतूनही निवड करावी लागते, आणि ही निवड गाडीशेजारी उभे राहूनच करता येते.

वरच्या यादीतील ड्राइव्ह शाफ्टचेच, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचेच पाहा. त्या दिवशी मी फोनवर नकार दिला आणि पुढच्या शनिवारी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने डावे चाक जॅकवर घेतले, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले आणि चाकामागे हात घालून शाफ्टच्या बाहेरच्या टोकाचा जॉइंट झाकणारा रबरी बूट माझ्याकडे वळवला. बुटाच्या दोन घड्यांच्या मधे बोटभर चीर होती आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची शिंतोड्यांची रांग उठली होती. मग त्याने शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवून जॉइंटमध्ये ढिलाई आहे का ते पाहिले, मलाही हात लावायला सांगितले, आणि विचारले, "काका, वळताना कट-कट आवाज येतो का?" आवाज येत नव्हता. म्हणजे बूट फाटला होता, ग्रीस जाऊ लागले होते, पण आत पाणी आणि धूळ जाऊन जॉइंट खराब व्हायची वेळ अजून आलेली नव्हती. त्याने जॉइंट काढून डिझेलने धुतला, गोळ्या तपासल्या, नवे ग्रीस भरले आणि नवा बूट क्लिपांसह बसवला. शंभरांत होणारे काम हजारांत जाता जाता वाचले. पावसाळा उलटून गेला असता तर पूर्ण शाफ्टच बदलावा लागला असता, आणि तेव्हा सल्लागाराचे म्हणणे बरोबर ठरले असते, हेही नमूद करायला हवे.

फरक इथेच पडतो. सर्व्हिस सेंटरची रीत पूर्ण भाग बदलण्याची आहे, आणि तिच्यामागे कारण आहे: त्यांना कामाची हमी द्यायची असते, तासांचा हिशोब ठेवायचा असतो, आणि धुऊन-पुसून बसवलेल्या जॉइंटची हमी कोणी देत नाही. गॅरेजची रीत भाग उघडून आतला गेलेला तुकडा बदलण्याची आहे. अल्टरनेटर चार्जिंग करेनासा झाला तर ऑटो इलेक्ट्रिशियन आधी कार्बन ब्रश पाहतो, मग बेअरिंग, मग रेग्युलेटर. पूर्ण अल्टरनेटर बदलण्याची वेळ क्वचित येते. स्टार्टरचेही तेच. रेडिएटरचा पंखा लागेनासा झाला की त्याचा स्विच आणि रिले. एवढ्या जुन्या गाडीसाठी मला ही दुसरी रीत अधिक समंजस वाटते, कारण गाडीचे आयुष्य आणखी चार-पाच वर्षांचे धरले तर दहा वर्षे टिकणाऱ्या भागाचे पैसे कशाला भरायचे?

याचा अर्थ गॅरेजमध्ये सारे आलबेल असते असे मात्र नाही. गॅरेजची खोड म्हणजे हलगर्जीपणा. काम झाल्यावर एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप गायब असते, चिखल अडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे दोन स्क्रू उरतात आणि ते डॅशबोर्डवर ठेवून दिले जातात. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे पाणी ओतण्याची सवय अजूनही गेलेली नाही, आणि त्या पाण्याने आत गंज आणि क्षार साचतात, जे पुढे उन्हाळ्यात घाटात नडते. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्पार्क प्लग अंदाजाने आवळला जातो. ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, मला आजवर एकाच गॅरेजमध्ये दिसला, आणि तोही खोक्यात. 'उद्या संध्याकाळी' याचा अर्थ परवा दुपार असा धरावा लागतो. बिल असते, पण वहीच्या पानावर. या सगळ्यावर माझा उपाय असा की प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि भागाचे नाव मी स्वतःच्या वहीत लिहितो, कूलंट तयार मिश्रणाचे घेऊन जातो, आणि इंजिन ऑइलचा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडायला लावतो. रिकामा डबा कापून टाकतो, कारण रिकामे डबे पुन्हा भरून बाजारात फिरवले जातात. हे सगळे करण्याची तयारी नसेल तर गॅरेजचा स्वस्तपणा बराचसा कागदावरच राहतो.

भागांच्या बाबतीत गॅरेजला जाणाऱ्याला एक सोय आहे, ती म्हणजे स्वतः खरेदी करणे. पुण्यात नाना पेठेतील स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत अल्टोचे जवळजवळ सर्व काही मिळते, काउंटरवर जुना भाग ठेवला की दुकानदार विचारतो, "कंपनीचा देऊ, का चांगल्या मेकचा, का लोकल?" या तीन पर्यायांपैकी मधला माझ्या पसंतीचा आहे. क्लच प्लेट एक्सेडीची किंवा व्हॅलिओची, चाकाचे बेअरिंग एसकेएफचे, स्पार्क प्लग एनजीके किंवा बॉशचे घेतले तर कंपनीच्या वेष्टनाशिवायही मन निर्धास्त राहते. ब्रेक, स्टीअरिंगचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि टायमिंग बेल्ट यांत मात्र लोकल माल घेऊ नये, तो कितीही स्वस्त असला तरी. दाराचे हँडल, आरसा, मडगार्डची पट्टी लोकल चालते. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याने अस्सल भाग आणि लोकल माल यांतील अंतर पूर्वीइतके बोचत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील त्या विचाराने बनवलेले नाहीत. इंधनाच्या नळ्या कडक झाल्या आहेत का, बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का, हे कोणत्याही ठिकाणी आवर्जून तपासून घ्यावे. सर्व्हिस सेंटरच्या ठरलेल्या तपासयादीत ते असेलच असे धरू नये; मिस्त्रीला तर सांगावेच लागते.

घरी येऊन गाडी नेणारी, अनेक कंपन्यांच्या गाड्या करणारी तिसरी सोयही आता उपलब्ध आहे. तिच्याबद्दल माझे मत थोडक्यात असे की तिथे फोन सर्व्हिस सेंटरसारखा येतो आणि क्लिपा गॅरेजसारख्या हरवतात.

नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्चही या हिशोबात धरावा लागतो. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षे पूर्ण झालेल्या खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले आहे, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. ज्यांची तारीख वर्षभरात येत आहे त्यांनी ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर आणि धूर यांची कामे तपासणीच्या आधी एकत्र उरकावीत. ही कामे गॅरेजमध्येच करणे मला सोयीचे वाटते, कारण आरटीओत कशावर बोट ठेवतात हे तिथल्या मिस्त्रीला रोजच्या सवयीने माहीत असते.

तेव्हा कोणी विचारले तर मी असे सांगेन: टायमिंग बेल्ट आणि स्कॅनर लावूनच कळणारा विद्युत दोष एवढ्यापुरते सर्व्हिस सेंटर, बाकी सारे गॅरेज, तेही शनिवारची सकाळ तिथे बसून काढण्याची तयारी असेल तर. ज्यांना ती सवड नाही, किंवा ज्यांची गाडी घरातील दुसरेच कोणी चालवते, त्यांनी सर्व्हिस सेंटरला जाण्यात काहीच गैर नाही. फक्त जॉब कार्डावर सही करताना दोन ओळी लिहून घ्याव्यात: ठरलेल्या एस्टिमेटबाहेरचे कोणतेही काम गाडी समक्ष दाखवल्याशिवाय करू नये, आणि बदललेले सर्व जुने भाग डिकीत ठेवावेत.