अण्णांची चाल आणि मीडियापाइप : सात महिन्यांच्या वापरानंतर

अण्णांचा उजवा गुडघा बदलून तीन महिने झाले तरी ते लंगडत होते, आणि म्हणायचे, ‘मी नीट चालतोय की.’ उभा जन्म यंत्रमागापुढे काढलेला माणूस, दुखतंय म्हणून कबूल करणार नाही. म्हणून ऑक्टोबरात गूगलचं मीडियापाइप घेतलं, व्हिडिओतून शरीराची हालचाल टिपणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्डाशिवाय चालतं.

साध्या व्हिडिओतून त्यातलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम, शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतं. अंगाला काही चिकटवावं लागत नाही. खुबा, गुडघा आणि घोटा घेऊन गुडघा सरळ रेषेपासून किती वाकला तो कोन काढायचा, त्याचा आलेख मांडायचा. निरोगी चालीत एका पायाच्या दर फेऱ्यात दोन उंचवटे दिसतात: टाच टेकल्यावर लहान, आणि पाय हवेतून पुढे येताना मोठा, साधारण ६० अंशांचा. अण्णांच्या उजव्या पायाचा लहान उंचवटा जवळपास नव्हताच. गुडघा ताठ ठेवूनच ते पाय टेकत होते. डावा-उजवा आलेख एकाखाली एक ठेवला, तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे भार टाकायला भितोय मी.’ फिजिओथेरपीच्या मॅडम हेच कधीपासून सांगत होत्या.

पहिला आठवडा मात्र धोतरानं वाया घालवला. कापडाआड गुडघा नुसत्या अंदाजानं धरला जातो, बिंदू थरथरतो. आईच्या साडीचंही तेच. हाफ पँट घालायला अण्णांना राजी करणं हेच सगळ्यात अवघड काम होतं. चित्रण बाजूनं असतं, त्यामुळे पलीकडचा पाय झाकला गेला की डावा-उजवा अदलाबदल होते आणि आलेखात मधेच सुळका उठतो. तेवढ्या फ्रेम मी काढून टाकतो. गच्चीवर दोरीवरच्या चादरी हटवून कोरी भिंत मागे घेतली, फोन कमरेच्या उंचीवर स्टुलावर ठेवला, सेकंदाला ६० फ्रेमवर लावला. मार्चपासून उन्हामुळे पहाटे चित्रण करतो, पण अंधुक उजेडात घोटा पुसट येतो.

अंश अचूक धरू नका. एका कॅमेऱ्यातून येणारी खोली, म्हणजे बिंदू किती पुढे-मागे आहे ते, तर अजिबात भरवशाची नाही, त्यामुळे गुडघा आत वळतो का हे यावरून ठरवू नये. तीच जागा, तोच फोन ठेवून आपल्याच मागच्या आलेखाशी ताडून बघा. अण्णांचा लहान उंचवटा जानेवारीत दिसू लागला, आता स्पष्ट आहे.

परवा सिद्धेश्वराच्या देवळाकडे जाताना तळ्याकाठी मी मागून फोन उचलला. ते थांबले, म्हणाले, ‘बाजूनं काढ की, मागनं कोन कसा दिसंल?’