जुनी मंडळी की नवी फेलोशिप?

नगरकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांतून हल्ली रविवारी सकाळी दोन वाटा फुटतात: आईवडील चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या जुन्या मंडळीत जातात आणि मुले एखाद्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र फेलोशिपला, म्हणजे जुन्या चर्चशी न जोडलेल्या उपासनेच्या गटाला. मी दोन्हीकडे बसलो आहे, फेलोशिपमध्ये जवळजवळ दोन वर्षे.

फेलोशिपची आपुलकी नाकारता येणार नाही. तेथे नवख्याचे नाव दुसऱ्याच रविवारी तोंडपाठ झालेले असते. उलट आमच्या मंडळीत मागची बाके रिकामी असतात, उपासनेनंतरच्या गप्पा जागेच्या खटल्यांवर आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीवर घसरतात, आणि तरुण ख्रिस्तजयंतीला दिसतात ते पुढच्या ख्रिस्तजयंतीलाच. शिवाय ज्यांची गीते आम्ही 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक उघडून गातो, ते कवी ना. वा. टिळकही १९१७ मध्ये मिशनमधून बाहेर पडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा वेगळा मेळा मांडून बसले होते. त्यामुळे जुने घर सोडणाऱ्याला बोल लावण्याचा अधिकार निदान मला तरी वाटत नाही.

माझे बिनसले ते एका गोष्टीवर. फेलोशिपचे सभासद व्हायचे तर पुन्हा बाप्तिस्मा घ्या, लहानपणीचा धरला जात नाही, असे मला तीन-चारदा अगदी प्रेमाने सांगण्यात आले. शेवटी मी जुन्या पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याची वही मागून घेतली. वडिलांच्या नोंदीत आजोबांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'शेतमजूर' असे लिहिलेले आहे, शाई तपकिरी पडली आहे, आणि पुढच्या एका वहीत माझे नाव आहे. हे सारे धरायचे नाही, हे मला पटेना.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा त्यांच्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते तसे तो जाणत्या वयातच देणारे बाप्टिस्टही होते, आणि बाप्तिस्म्याचा हाच वाद समोर असताना त्यांनी बालकांचा व प्रौढांचा अशा दोन्ही रीतींना जागा देऊन एका छपराखाली राहणे पत्करले. आमची मंडळी भांडखोर खरी, पण हा समजूतदारपणा तिच्या घटनेतच आहे. फेलोशिप मात्र दुसऱ्याच वर्षी दुभंगली आणि 'तुम्ही कोणाकडे?' असे विचारणारे दोन फोन मला एकाच संध्याकाळी आले.

परगावी नव्याने बिऱ्हाड केलेल्या एकट्यादुकट्याला फेलोशिपचा आधार मोठा वाटेल, आणि तो खराही असेल. मी परत तिसऱ्या बाकावर बसू लागलो आहे. माझ्या मुलाची नोंद माझ्याच वहीत, थोड्या पानांनंतर आहे. तो सध्या दोन्हीकडे जात नाही.